बलाढ्याशी डाव मांडताना

वाचकहो, घरातले एखादे मूल आपला आवडता खेळ एकाएकी टाकून देते, तेव्हा वडील माणसांच्या जिवाला जी हुरहूर लागते, तिचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. २०२५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरी असेच घडले. माझी नात तेव्हा बारा वर्षांची होती. संध्याकाळची वेळ, मी व्हरांड्यात बसलो होतो. तांदळाच्या पिठाचे गरम चीले खायला तिच्या आईने आतून दोनदा हाक मारली होती. पण ती मोबाईलच्या पडद्याकडे पाहत खांबाला टेकून उभी होती. थोड्या वेळाने तिने तो यंत्रराज पालथा ठेवला आणि अगदी सहज स्वरात मला विचारले, "आजोबा, हे यंत्र जगज्जेत्यालाही हरवते म्हणे. मग मी बुद्धिबळ शिकून काय उपयोग?"

त्या दिवसापासून तिने पट मांडला नाही. मुलीने रडून आकांत केला असता तर समजूत घालणे सोपे गेले असते. पण तिने शांतपणे एक हिशेब मांडला होता, आणि त्या हिशेबातली चूक मला दाखवता येत नव्हती.

आम्ही राहतो नव्या रायपुरात. जुन्या रायपुरातील तात्यापाऱ्याचे आमचे बिऱ्हाड मुलाच्या नोकरीपायी मोडले आणि छत्तीसगडच्या या नव्या राजधानीत आम्ही येऊन राहिलो. २०१८ पासून या नगराला अटल नगर असे नाव मिळाले आहे. रस्ते रुंद आणि सरळ, झाडे अजून वाढीच्या वयातली, आणि संध्याकाळी इतकी शांतता की दूरवरच्या सायकलची घंटाही ऐकू यावी. २०२५ च्या मे महिन्यात याच नगरात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामाला लागणाऱ्या संगणकांच्या एका मोठ्या केंद्राची पायाभरणी झाली. म्हणजे ज्या यंत्राने माझ्या नातीला नाउमेद केले, त्याच्याच कुळातले भाऊबंद आता आमचे शेजारी होणार! अशा ठिकाणी 'मोबाईल बाजूला ठेव' हा उपदेश किती दिवस पुरणार? यंत्रासमोर बसायचे कसे, हेच शिकावयास हवे होते. आणि तो विचार करू लागलो, तेव्हा मी डावाच्या पहिल्या चालीपाशी येऊन थांबलो.

मला हा खेळ माझ्या वडिलांनी शिकवला. आमच्या घरी कापडी पट असे आणि रीत देशी असे. प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर चाले. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. त्यामुळे डाव सावकाश उमले. आधी घरची मांडणी, मग परक्याच्या मुलखात पाऊल, अशी ती पद्धत होती. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून त्या जागी उंट बसवण्याची खोड मला तेव्हा लागली ती आजतागायत सुटलेली नाही. पुढे वाचनात आले, की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक गृहस्थ जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी अशाच सावकाश रीतीने डाव खेळत. त्या डावांच्या नोंदी विलायतेत पोहोचल्या, आणि आज जगभर ज्यांना 'भारतीय बचाव' म्हणतात, त्या प्रारंभांच्या नावामागे हीच आपली एक-एक घर सरकण्याची जुनी सवय आहे. हे वाचून मला झालेला आनंद आपण समजू शकाल.

डावाच्या प्रारंभाला, ज्याला खेळाडू 'ओपनिंग' म्हणतात, एवढे महत्त्व का, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. पांढऱ्याने एक व काळ्याने एक चाल केली की ४०० निरनिराळ्या स्थिती संभवतात. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या की चालींचे मार्ग १,९७,२८१ होतात. या अरण्यात कोणत्या वाटेने शिरायचे, हे ठरवणे म्हणजे प्रारंभाची निवड. समोरचा आपल्या तोलाचा असेल तर ही निवड बरीचशी आवडीनिवडीची बाब असते. पण तो आपल्याहून फार बलाढ्य असेल, तर? मग प्रत्येक मराठी माणसाला जावळी आठवते.

मलाही तीच आठवली. १६५९ साली अफझलखान मोठी फौज, हत्ती आणि तोफा घेऊन आला, तेव्हा शिवाजी महाराजांनी त्याला मोकळ्या मैदानावर गाठले नाही. त्याला जावळीच्या दाट रानात, प्रतापगडाच्या पायथ्याशी यावयास लावले. तेथे घोडदळाला दौडायला जागा नव्हती आणि तोफांना मारा करायला सपाटी नव्हती. बलाढ्याचे बळ ज्या जमिनीवर निकामी होते, ती जमीन निवडावी, हे सूत्र आपल्या रक्तात मुरलेले आहे.

गंमत अशी, की संगणकाशी खेळणाऱ्या पाश्चात्त्य खेळाडूंनीही नेमके हेच सूत्र शोधून काढले होते. जुन्या यंत्रांची रीत अशी, की प्रत्येक संभाव्य चाल, तिचे उत्तर, त्या उत्तराचे उत्तर, असे काही पायऱ्यांपर्यंत मोजत जायचे. त्या पायऱ्यांपलीकडे त्यांना काही दिसत नसे. जणू त्यांच्या नजरेला एक क्षितिज होते. पट मोकळा असला, मोहरी एकमेकांना भिडली, की सर्व भानगडी त्या क्षितिजाच्या अलीकडेच घडत, आणि तेथे यंत्राचा हिशेब चुकत नसे. उलट, प्यादी प्याद्यांना अडून पट बंद झाला, की खरा परिणाम वीस-पंचवीस चालींनंतर घडावयाचा असे. तेथे माणसाचा अंदाज चाले आणि यंत्र आंधळे होई.

डेव्हिड लेव्ही या ब्रिटिश खेळाडूने १९६८ साली पैज मारली होती, की दहा वर्षांत कोणतेही यंत्र आपल्याला सामन्यात हरवू शकणार नाही. १९७८ साली टोरांटो येथे तो 'चेस ४.७' या यंत्रक्रमाशी खेळला आणि सामना जिंकला. त्याचे धोरण हेच, की उतावळी झुंज टाळावी, सावकाश मांडणी करावी आणि यंत्राला स्वतःहून चुकू द्यावे. एका डावात मात्र त्याला मोह झाला. यंत्राशी यंत्राच्याच रीतीने दोन हात करावेत म्हणून त्याने लाटव्हियन गॅम्बिट हा भडक प्रारंभ निवडला. आणि तोच डाव तो हरला.

हे सारे मी नातीला रंगवून सांगितले. तिचे डोळे जरा चमकले. दुसऱ्या दिवशी पट पुन्हा बाहेर आला. मी मनात म्हटले, जिंकलो! वाचकहो, इथेच माझी चूक झाली.

आम्ही यंत्रासाठी एक रान तयार करायचे ठरवले. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना वजिरापुढचे आणि राजाकडील उंटापुढचे प्यादे दोन-दोन घरे पुढे, त्यांना आधार म्हणून आणखी दोन प्यादी एक-एक घर पुढे. या मांडणीला 'स्टोनवॉल', म्हणजे दगडी भिंतच, म्हणतात. यंत्राची पातळी सर्वांत वरची ठेवली. पूर्वी ती पंचविसाव्या चालीच्या आत हरे. भिंतीआडून ती एकसष्टाव्या चालीपर्यंत टिकली. आम्ही दोघांनी टाळ्या पिटल्या. तिने ती मांडणी घोकून टाकली. समोरचा काय करतो इकडे न पाहता ती भिंत उभी करू लागली, आणि मी तिला "शाबास" म्हणत राहिलो.

दिवाळीनंतर मुलांची एक छोटी स्पर्धा होती. तेथेही तिने भिंतच बांधली. त्या भिंतीच्या ऐन समोर, राजाच्या पट्टीत, एक घर असे राहते की पांढऱ्याचे कोणतेही प्यादे पुन्हा त्याची राखण करू शकत नाही. समोरच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने अगदी सावकाश तेथे आपला घोडा आणून बसवला. माझी नात त्या घोड्याकडे पाहत राहिली. त्याला हुसकावायचे कसे, तो तेथे का आला, यातले काहीच तिला ठाऊक नव्हते. कारण ते मी तिला सांगितले नव्हते. भिंत कशी बांधावी एवढेच आम्ही शिकलो होतो, ती कुठे पोकळ असते ते नाही. पाच डावांपैकी चार ती हरली. परतीच्या वाटेवर गाडीत ती एवढेच म्हणाली, "आजोबा, आपण खेळत नव्हतो. आपण लपत होतो."

त्या रात्री मला झोप आली नाही. मी उठून एक जुना डाव पटावर मांडला. न्यूयॉर्क, ११ मे १९९७. गॅरी कास्पारोव्ह विरुद्ध आय.बी.एम.चा 'डीप ब्लू'. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात कास्पारोव्हने याच यंत्राच्या आधीच्या रूपाला ४–२ असे हरवले होते. १९९७ चे यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत असे. त्या सामन्यात जगज्जेत्याने आपले नेहमीचे धारदार प्रारंभ पुष्कळसे बाजूला ठेवले. तिसऱ्या डावात त्याने वजिरापुढचे प्यादे केवळ एक घर सरकवून सुरुवात केली. यंत्राच्या पाठांतराबाहेर जाण्यासाठीच ती चाल होती. शेवटच्या, सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी सिसिलियन बचावाचा तो वस्ताद कारो-कान बचावाकडे वळला. सातव्या चालीला त्याने हत्तीच्या बाजूचे प्यादे एक घर सरकवले. यंत्राने घोड्याचा बळी दिला. तो बळी यंत्राच्या चमूने त्याच्या प्रारंभांच्या पोथीत आधीच घालून ठेवला होता. एकोणिसाव्या चालीला डाव संपला आणि सामना यंत्राने ३½–२½ असा जिंकला.

त्या रात्री मला जावळीचा अर्थ नव्याने कळला. जावळीच्या रानाने युद्ध जिंकले नव्हते. ते जिंकले त्या रानातली प्रत्येक पाऊलवाट ज्यांच्या पायाखालची होती, त्या मावळ्यांनी. कास्पारोव्ह शत्रूला अनोळखी अशा रानात शिरला खरा; पण ते रान त्याचेही नव्हते. आणि माझ्या नातीला मी ज्या रानात ढकलले, तेथली एकही वाट तिच्या ओळखीची नव्हती.

याची दुसरी बाजूही इतिहासात आहे. २००२ साली बहारीनमध्ये व्लादिमीर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ'शी खेळला तेव्हा त्याने बर्लिन बचाव योजला. त्यात दोन्ही वजीर लौकर पटावरून जातात. पण हा बचाव त्याचा स्वतःचा होता. त्याच बळावर २००० साली त्याने कास्पारोव्हकडून जगज्जेतेपद मिळवले होते. बहारीनचा सामना ४–४ असा बरोबरीत सुटला. २००३ साली कास्पारोव्हनेही 'एक्स-थ्री-डी फ्रिट्झ'विरुद्ध तिसऱ्या डावात पट असा काही बंद केला, की यंत्र मोहरी मागेपुढे हलवीत बसले आणि हरले. त्या बंद पटावर काय करायचे ते त्याला पुरते ठाऊक होते. २००८ साली हिकारू नाकामुराने 'रिब्का' या बलाढ्य यंत्रक्रमाला झटपट डावात असेच भिंतीआड कोंडून अडीचशेहून अधिक चालींनंतर नमवले.

आता प्रामाणिकपणे पुढचेही सांगितले पाहिजे. हे दार आता जवळजवळ बंद झाले आहे. २०१७ साली 'अल्फाझीरो' आले. ते स्वतःशीच लाखो डाव खेळून शहाणे झाले. २०२० साली 'स्टॉकफिश' या प्रसिद्ध यंत्रक्रमालाही तशा धर्तीची शिकवलेली नजर लाभली. बंद पटावर काय चांगले, काय वाईट, याची समज या नव्या यंत्रांना आहे. त्यांच्यासाठी जावळीचे रान हेही मैदानच. तेव्हा, अमुक प्रारंभ निवडलात म्हणजे यंत्राला हरवाल, असे आज कोणी सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मग निवड करायचीच कशासाठी? पंधरा दिवस मी हा प्रश्न उराशी घेऊन होतो. उत्तर सापडले ते पाहता पाहता साधे निघाले. बलाढ्याशी खेळताना निकाल आपल्या हाती नसतो. परंतु बोलणे कोणत्या विषयावर व्हावे, हे ठरवणे पुष्कळ अंशी आपल्या हाती असते. हार ठरलेलीच असेल, तर ती अशा जमिनीवर व्हावी, जेथे ती आपल्याला वाचता येईल. पाठ केलेल्या भिंतीआड एकसष्ट चाली टिकून हरलेला डाव माझ्या नातीला काहीच सांगत नव्हता. मोकळ्या पटावर पंचवीस चालींत हरलेला डाव कदाचित पुष्कळ सांगू शकला असता.

मी तिच्यापाशी चूक कबूल केली. मोठ्यांनी मुलांपाशी चूक कबूल करणे आपल्याकडे फारसे रूढ नाही. पण केल्यावर मन हलके होते, हे अनुभवाने सांगतो. मग मी विचारले, "तुला कोणता डाव मांडायला आवडतो? यंत्राचा विचार सोड." क्षणाचाही विलंब न लावता तिने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले, मग घोडा, मग उंट. तो साधा, शेकडो वर्षांचा इटालियन प्रारंभ. "यात सगळी मोहरी लौकर खेळायला येतात," ती म्हणाली.

तेव्हापासून आमचा परिपाठ ठरला. आठवड्यातून दोनच डाव यंत्राशी. प्रत्येक चालीपुढे वहीत एक वाक्य लिहायचे: ही चाल मी का केली, किंवा यंत्राने का केली असावी. ज्या चालीचे कारण सांगता येणार नाही, तेथे लाल रेघ ओढायची. डाव तेथे संपला असे समजायचे, मग पुढे यंत्र केव्हाही मात करो. दुसऱ्या दिवशी त्या रेघेपाशी बसून आम्ही दोघे विचार करतो, आणि मगच यंत्राला त्याचे मत विचारतो. पहिल्या आठवड्यात रेघ सातव्या चालीवर पडली. तीन महिन्यांनी ती चौदाव्या चालीवर सरकली. यंत्राविरुद्धच्या तिच्या डावांत अद्याप एकही विजय नाही, एक बरोबरीही नाही. तथापि तिने खेळ सोडल्याची गोष्ट त्यानंतर निघालेली नाही.

आणि तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर? तेही तिचे तिलाच मिळाले. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमी येथे कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले होते. नागपूर म्हणजे आमचे शेजार, एका लोहमार्गावरचे. अलीकडे आम्ही त्या अंतिम लढतीचे डाव पुन्हा पटावर मांडले. यंत्र शेजारीच होते आणि दोघींची प्रत्येक चूक क्षणात दाखवीत होते. नात थोडा वेळ पाहत राहिली आणि मग तिने ते बंद केले. "आधी आपण शोधू या," ती म्हणाली, "त्या दोघींनाही तेव्हा कोणी सांगत नव्हते."

वाचकहो, आपल्या घरीही एखादे मूल यंत्राकडे पाहून असेच खिन्न झाले असेल. बुद्धिबळात नसेल, तर गणितात, चित्रकलेत वा निबंधात. त्याला यंत्राहून वरचढ होण्याची खोटी आशा दाखवू नये, आणि लपण्याची युक्तीही शिकवू नये. कोणत्या जमिनीवर तुला उभे राहावेसे वाटते, एवढे त्याला विचारावे, आणि त्या जमिनीच्या पाऊलवाटा त्याच्याबरोबर आपणही तुडवाव्यात.

गेल्या रविवारी माझ्या नातीने पट माझ्यासमोर मांडला. "आज यंत्र नको. तुम्ही या," ती म्हणाली. मी माझ्या जुन्या खोडीप्रमाणे घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले आणि उंट तेथे बसवला. डाव मी हरलो. मग तिने वही पुढे केली आणि माझ्या प्रत्येक चालीचे कारण विचारले. माझी लाल रेघ नवव्या चालीवर पडली.